हिरव्या बटणातली पाचर

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण उन्हाळ्याचे तीन महिने त्याच्याकडे कुणी बघत नसे. डंक सुरू झाला की सकाळ आणि थांबला की जेवणवेळ, एवढा साधा हिशेब. उंब्रजला हायवेपासून आत दुसऱ्या गल्लीत आमचं घर आणि घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कांडपाचा डंक. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत पुरलेली चार लोखंडी उखळं, प्रत्येकावर पुरुषभर उंचीचं जाडजूड मुसळ, आणि मोटरीवर फिरणारा दांडा ती मुसळं आळीपाळीनं वर उचलून सोडून देणार. दिवसभर धप धप चालायचं. फळीवरची पितळी भांडी त्या हादऱ्यानं हळूहळू पुढं सरकत यायची आणि आई आठवड्यातून एकदा ती परत मागं ढकलायची. मामाच्या गावी गेलो की मला दुपारची झोप लागत नसे, कारण तिथं कानाला काहीच नसायचं. मामी म्हणायची, ह्या पोरीला झोपवायला कुणीतरी दार बडवा.

वासाचं तर विचारूच नका. भाजलेल्या मिरच्या, सुकं खोबरं, तीळ, धने आणि वरून लसूण. माझ्या दप्तराला तो वास, वेणीला तो वास, आणि आई शपथेवर सांगायची की आमच्या म्हशीच्या दुधालासुद्धा किंचित ठसका आहे. आसपासच्या गावांतून बायका डोक्यावर डबे घेऊन यायच्या. वर्षाची चटणी म्हणजे चेष्टा नव्हे, ती बिघडली तर घरातली माणसं वर्षभर तोंड वाकडं करणार. त्यामुळे आपला डबा दुसरीच्या हवाली करून कुणी बाई निर्धास्त बसायची नाही. उखळातून चिमूट उचलायची, जिभेवर ठेवायची, शेजारणीला द्यायची, मग त्यावर चर्चा. दुपारी आई तव्यावरची भाकरी मोडून सगळ्यांपुढं ठेवायची आणि ताज्या चटणीत तेलाची धार. आता वय झालं, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, पण हे लिहिताना तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू.

डंकावर राज्य होतं आत्तीचं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला कर्नाटकाच्या सीमेवर जतकडं दिलेली होती, मेंढरंवाल्या घरात. नवरा गेल्यावर ती एक पत्र्याची ट्रंक आणि घोंगडं घेऊन आमच्याकडं आली ती कायमचीच. जन्म तिकडं मेंढरांमागं गेल्यानं तिचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा, आणि चिडली की मराठी बाजूला ठेवून कानडीत शिरायची. 'सुम्न कूड' म्हणजे गप बस, हे आमच्या गल्लीतल्या तान्ह्या पोरांनाही कळत होतं. तिचा उजवा हात मी अजून विसरलेले नाही. मुसळ वर गेलं की तिचा हात उखळात जायचा, कडेची चटणी मधे ओढायचा, आणि मुसळ खाली येईस्तोवर बाहेर. प्रत्येक ठोक्याला. बायका बघत राहायच्या आणि ती त्यांच्याशी तिसऱ्याच बाईच्या सुनेबद्दल बोलत असायची. मला त्या हाताचा अभिमान वाटायचा. शाळेतल्या मैत्रिणींना मी मुद्दाम बघायला आणत असे.

माझे वडील, आप्पा, सैन्यातून हवालदार होऊन परत आलेले. त्यांना तो हात बघवायचा नाही. त्यांनी सुताराकडून लाकडी उलथणं करून आणलं, ते आत्तीनं चूल सारखी करायला वापरलं. मग त्यांनी लाल रंगात पाटी लिहिली: 'मशीनमध्ये हात घालू नये. हुकुमावरून.' त्या पाटीच्या खिळ्याला बायका आपल्या पिशव्या अडकवू लागल्या. मग त्यांनी फर्मान काढलं की हात घालताना दिसेल तिला दुपारचा चहा नाही. त्यावर आत्ती आप्पांकडं पाठ करून हात घालू लागली. आप्पा ओरडायचे तेव्हा त्यांच्या मानेची शीर फुगायची, आणि आम्ही सगळ्या, म्हणजे आई, मी, आणि डंकावर मदतीला असलेली शेवंताकाकी, ती शीर बघून ठरवायचो की आज काय सांगायचं आणि काय लपवायचं. आप्पा वाईट नव्हते. सगळ्यांची काळजीच करायचे, फक्त त्यांच्या काळजीचा आवाज फार मोठा होता.

माझ्याकडं नंबर लावायचं काम होतं. मी तेव्हा अकरावीला, सुट्टीत घरीच. डबे ओळीनं मांडायचे, भांडणं मिटवायची. त्या वर्षी लाईटचा अगदी खेळखंडोबा चालला होता. दिवसातून चार वेळा जायची आणि कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. लाईट गेली की बायका डबे ओळीत ठेवून घरी, नाहीतर ओळखीच्यांकडं जायच्या. परत आली की डंकाचा आवाज ऐकून धावत यायच्या. सगळ्या गल्लीला तो आवाज हाच निरोप होता. पण मोटरीच्या स्टार्टरला दोन बटणं असतात, हिरवं चालू करायचं आणि लाल बंद करायचं. लाईट गेली की हिरवं आपोआप सुटतं, आणि परत आली तरी कुणीतरी जाऊन ते दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. ते तसं असण्यामागं कारण आहे, हे मला आप्पांनी दहादा सांगितलं होतं. आमचा स्टार्टर होता दाराच्या मागं, मिरचीच्या पोत्यांच्या पलीकडं. तिथवर जायला पोट आत ओढून सरकावं लागायचं.

झालं असं की एकदा लाईट आली आणि आम्हाला ते कळलंच नाही. आत्ती परसात होती, मी आईबरोबर मिरच्या खुडत होते, शेडमध्ये दिवसा दिवा कोण लावतंय. अर्धा तास वाया गेला. कळलं तेव्हा दोन बायकांचे डबे आटोपतात न आटोपतात तोच लाईट पुन्हा गेली. लांबून चालत आलेली एक म्हातारी, गोदाआक्का, तिचा नंबर तिसरा होता. ती संध्याकाळी डबा तसाच डोक्यावर उचलून परत गेली. नुसतं म्हणाली, "पोरी, तुझा काय दोस न्हाई." तेच मला लागलं. दुसऱ्या दिवशी मी अक्कल चालवली. शेतातल्या मोटरीला लोक करतात ते मी पाहिलं होतं. एक चपटी लाकडाची पाचर घेतली, हिरवं बटण आत दाबलं आणि त्याच्या फटीत ती खोचून दिली. आता बटण सुटणार नाही. लाईट आली की डंक स्वतःहून सुरू होणार आणि गल्लीभर निरोप जाणार.

तीन दिवस माझी योजना उत्तम चालली. लाईट यायची, धप धप व्हायची, बायका पदर सावरत धावत यायच्या, कुणाचा नंबर चुकायचा नाही. एकीनं माझी अलाबला घेतली. सकाळी शेवंताकाकीनं डंक सुरू केला की मी पाचर खोचायची, संध्याकाळी काढायची, आणि मधे बटण कुणीतरी दाबलं असेल असंच सगळ्या समजायच्या. मी हे कुणालाच सांगितलं नाही, कारण आप्पांची शीर. आणि तीन दिवस काही झालं नाही म्हणून चौथ्या दिवशी मी त्याचा विचारसुद्धा केला नाही. आज साठी ओलांडल्यावर मला वाटतं, पहिल्याच दिवशी एखादा डबा उलटला असता, नुसता दचका बसला असता, तरी मी ती पाचर काढून चुलीत घातली असती. चुकीला लगेच शिक्षा झाली नाही की ती चूक वाटेनाशी होते, सवय वाटू लागते.

चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली तेव्हा तिसरं मुसळ वर अडकून राहिलं होतं. शेडमध्ये पाच-सहा बायका होत्या. आत्ती म्हणाली, "बंद हाय तवर तळाचं काढून घेती." तळाला चटणीचा थर बसतो, तो चालू मशीनवर निघत नाही. तिच्या हिशेबानं ती त्या क्षणी सगळ्यात शहाण्यासारखं वागत होती. मशीन बंद, लाईट नाही, आणि लाईट आली तरी बटण दाबल्याशिवाय काही हलणार नाही. मी दारात डबे मोजत होते. मला आठवायला हवं होतं. मला आठवलं नाही. शेजारच्या घरातला रेडिओ एकदम मधूनच बोलायला लागला आणि मी मान वर केली तोवर मुसळ पडलं होतं.

आत्ती ओरडली नाही. तिनं हात बाहेर काढला, पदरात गुंडाळला आणि खाली बसली. ओरडल्या त्या बाकीच्या बायका. आप्पा धावत आले, पोत्यांवरून उडी मारून लाल बटणाकडं गेले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत ती पाचर होती. आत्तीला जीपमध्ये घालून कराडच्या दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळाशी काढावी लागली. तो तिखट मसाला जखमेत जाऊन तिला काय झालं असेल याचा विचार मी अजूनही करू शकत नाही.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात एकच प्रश्न होता. आप्पांनी ती पाचर देवळीत, दिव्याशेजारी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ विचारायचे, "ही कुणी घातली?" आई म्हणायची मला ठाऊक नाही, आणि ते खरं होतं. शेवंताकाकी म्हणायची, "आवं आप्पा, माज्या लेकराची आण, मी न्हाई." मी म्हणायचे मला माहीत नाही. माझी जीभ कशी वळली, देव जाणे. रोज ठरवायचे की आज सांगायचं, आणि रोज आप्पांची मान दिसली की गिळायचे.  डंक बंद असल्यानं घर इतकं शांत होतं की ताटातला घास चावल्याचा आवाज यायचा. शेवटी आप्पांनी आपल्या मनाशी निकाल लावला. सकाळी शेड उघडून बटण दाबायचं काम शेवंताकाकीचं, म्हणजे पाचरही तिचीच. तिला सांगून टाकलं की उद्यापासून येऊ नको. दोन पोरं, नवरा अंथरुणाला, आणि गावात दुसरं काम कुठलं.

दुसऱ्या दिवशी आत्ती दवाखान्यातून घरी आली, हाताला पांढरं गाठोडं बांधून. ओट्यावर टेकली आणि चहा मागितला. तेवढ्यात शेवंताकाकी आली. शेडमध्ये गेली आणि आपलं बसायचं पोतं, पाणी प्यायचा जर्मनचा तांब्या आणि डोक्याला बांधायचं फडकं घेऊन बाहेर आली. तीन वस्तू. आप्पा दारात उभे, तिच्याकडं न बघता. ती आत्तीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या हाताला मी न्हाई वो काय केलं." आत्ती तिच्याकडं बघत राहिली. माझ्या हातात चहाची कपबशी होती. मी ती खाली ठेवली आणि म्हणाले, "पाचर मी घातली आप्पा."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आप्पांची शीर फुगली, तोंड उघडलं. पण आवाज आला तो आत्तीचा. "बाळू, वरडू नगंस." आप्पांना बाळू म्हणणारं जगात तेवढंच एक माणूस होतं. "आज वरडलास तर ह्या घरात पुन्यांदा कोण काय सांगायचं न्हाई. आठ दीस झालं, दवाखान्यात येऊनबी 'कुनी घातली, कुनी घातली' चाललंय तुजं. का घातली ते इचार की रं तिला."  मग माझ्याकडं वळून, पण माझ्याकडं न बघता, आप्पांनी विचारलं, "का घातलीस?" मी रडत रडत सगळं सांगितलं. गोदाआक्का, लाईट आलेली न कळणं, बायकांचे नंबर, पोत्यांमागचं बटण. आत्ती म्हणाली, "आन मला इचार, हात का घातला. तू दिलेलं उलतनं हाय का नांगर. दांडा हातात फिरतोय, चटनी डोळ्यात उडती. तुला दोन साल सांगंन म्हनत हुती, पर तू पाटी लिवून मोकळा."

आप्पा शेडमध्ये गेले. मी दारातून बघत होते. ते पोत्यांमधून सरकत स्टार्टरपाशी गेले, तिथून उखळापर्यंत परत आले, पुन्हा गेले. मग तिथंच पोत्यावर बसले.  बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा मिरचीनं लाल झाला होता. म्हणाले, "आक्का, ते बटन तितं मीच बसवलंय. वायर कमी पडली म्हनून. उखळापाशी असतं तर हिला पाचर सुचलीच नसती." मग शेवंताकाकीकडं वळले. सैन्यातून आलेला, गावात मान असलेला माणूस, आम्हा सगळ्या बायकांसमोर हात जोडून म्हणाला, "काकी, माजं चुकलं. पोतं ठेवा आत." माझ्या आयुष्यात आप्पांना 'माझं चुकलं' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

मला मार बसला नाही. त्यानं बरं वाटलं असं मात्र नाही. संध्याकाळी आत्तीची वेणी घालायला बसले तर हात चालेना. ती म्हणाली, "अलके, तू घातलीस पाचर, मी घातला हात, त्यानं लांब बसवलं बटन. तिघांनी मिळून केलंय. बोटं माजी गेली म्हनून मी सांगती, आता पुरं कर." मी तिच्या पाठीला डोकं टेकून रडले. तिच्या लुगड्याला अजून दवाखान्याचा वास होता.

डंक पुन्हा सुरू झाला तो नव्या रीतीनं. स्टार्टर आला उखळांच्या समोर, हाताच्या अंतरावर. शेवंताकाकी आणि आत्ती दोघींनी सांगून बांबूच्या लांब, हलक्या दांड्याचं उलथणं करून घेतलं, आणि काय आश्चर्य, ते सगळ्या वापरू लागल्या. दाराबाहेर एक बल्ब टांगला, लाईट आली की तो पेटायचा. पण निरोपाचं काय. तेव्हा आत्तीनं आपली ट्रंक उघडून एक घंटा काढली. तिच्या सासरच्या कळपात पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली, तळहाताएवढी. बल्ब पेटला की मी दारात उभं राहून ती बडवायची, आणि बायका धावत यायच्या. नंतर आप्पा बटणापाशी उभे राहून कवायतीच्या आवाजात म्हणायचे, "हात वर." सगळ्यांचे हात वर दिसल्याशिवाय हिरवं बटण दाबायचं नाही. पहिल्या दिवशी बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोलिसानं धरल्यागत वाटतंय म्हणाल्या. मग आत्ती उठली, आणि तिनं दोन्ही हात वर केले. आठ बोटं. हसणं थांबलं. त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

आणि चहाचा नियम उलटा झाला. जी आपली चूक आपण होऊन सांगेल तिला पहिला कप. सुरुवातीला कुणी बोलेना. मग आप्पांनीच एकदा सांगितलं की काल मोटरीचा पट्टा घसरू नये म्हणून तो चालू असतानाच त्यावर राळ टाकली, बाही अडकता अडकता वाचली. आईनं पहिला कप त्यांच्या हातात दिला, आणि हवालदारसाहेब लाजले. पुढं पुढं तर पहिल्या कपासाठी बायका आठवून आठवून चुका सांगू लागल्या. आत्ती एखादीकडं बोट दाखवून म्हणायची, "ही नवऱ्याच्या चुका आमच्यात खपवाय लागलीया."

लग्न होऊन मी सांगलीला आले. आता आमचा मसाल्याचा कारखाना आहे, तीसेक बायका कामाला. मुलानं मशिनींना असे डोळे बसवलेत की हात जवळ गेला तर आपोआप बंद पडतात. चांगलंच आहे. त्यानं सूचना टाकायला भिंतीवर कुलपाची पेटीही लावली, तिच्यात दोन वर्षांत एक बडीशेपेची पुडी सापडली. पण दुपारी चहाची किटली आली की अजून कुणीतरी म्हणते, "काकी, आज पहिला कप माजा." आणि मशीन सुरू करण्याआधी हात वर होतात. नवी मुलगी आली की हसते. मी हसू देते.

आत्ती शेवटी शेवटी माझ्याकडंच होती. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. मला तिच्या सासरची कुणी समजून कानडीत काहीबाही विचारायची, मी हो हो म्हणायचे. एका दुपारी मी तिच्या उशाशी मोसंबी सोलत बसले होते. लाईट गेली. पंखा थांबला, वॉर्डातलं सगळं गप्प झालं. ती डोळे मिटून पडलेली. मिनिटाभरानं लाईट आली, डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. आणि आत्तीनं डोळे न उघडता, चादरीखालून दोन्ही हात काढून वर केले. आठ बोटं. ते हात थरथरत होते, पण ती खाली घेईना. कशाची तरी वाट बघत होती. मी मोसंबी ठेवली आणि माझेही दोन्ही हात वर केले. म्हटलं, "आत्ती, माझे पण वर हायत. बघ." तेव्हा तिनं हात खाली घेतले.